काचेच्या पेटीतले तळे

धारवाडहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की शहर मागे पडता पडता केलगेरीचा तलाव लागतो. धारवाडकरांना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधण्यात आला, आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव त्या कामाशी आदराने जोडले जाते. सकाळ-संध्याकाळ काठाने फिरणारी माणसे, पाण्यावर उतरणारे पक्षी आणि मधूनच उसळी मारून दिसेनासा होणारा मासा, हे पाहत लहानाची मोठी होणारी मुले या गावात आहेत. अशा गावातील एखाद्या मुलाला आपल्या घरीही मासे असावेत असे वाटले, तर त्यात नवल ते काय? वाढदिवसाला तो हट्ट धरतो, वडील बाजारातून काचेची पेटी आणतात, आणि बैठकीच्या खोलीत मेजावर एक लहानसे तळे अवतरते.

समजा, केलगेरीतील अशाच एका घरी पेटी येऊन तीन आठवडे झाले आहेत. आत सहा मासे आहेत. पाणी किंचित पिवळसर झाले आहे आणि काचेवर हिरवट थर धरू लागला आहे. आई मोठी नीटनेटकी. रविवारी सकाळी ती पदर खोचते, मासे बादलीत काढते आणि पेटीतील सगळे पाणी ओतून देते. तळाची वाळू ती साबणाच्या भुकटीने खळखळून धुते, गाळणीतील स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळते. नळाचे ताजे पाणी भरून मासे पुन्हा आत सोडले जातात. पेटी आरशासारखी लखलखते आणि घरातली सगळी माणसे कौतुक करतात. मंगळवारी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. बुधवारी सकाळी त्यांतले चार उताणे तरंगत असतात.

“आई, पाणी तर तू रविवारीच बदललं होतंस ना? मग हे कशानं मेले गं?” मुलगा विचारतो. आईजवळ उत्तर नसते. तिने तर आपल्याकडून काहीच कमी केलेले नव्हते.

मुलाचा प्रश्न रास्त आहे. ज्यांनी हौसेने मासे पाळले आणि महिन्या-दोन महिन्यांत रिकामी पेटी माळ्यावर टाकली, अशा असंख्य घरांचा तो प्रश्न आहे. आजच्या भाषणात त्याचेच उत्तर शोधावयाचे आहे. ते एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की माणसाच्या डोळ्याला दिसणारी स्वच्छता आणि माशाला हवी असलेली स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडे घासले की ते स्वच्छ होते. काचेच्या पेटीला हा न्याय लागू पडत नाही, कारण ती भांडे नसून तळे आहे.

मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच श्वास घेतो, त्यातच खातो आणि त्यातच मलमूत्र टाकतो. त्याच्या शरीरातील टाकाऊ द्रव्य अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात उतरते. न खाल्लेले अन्न आणि झाडांची सडलेली पाने यांतूनही अमोनियाच निर्माण होतो. हे विष रंगहीन असल्यामुळे पाणी काचेसारखे नितळ असूनही माशाला घातक असू शकते. अमोनियाने कल्ल्यांचा दाह होतो आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका या विषाचा जोर अधिक.

मग केलगेरीच्या तलावात हजारो मासे इतकी वर्षे कसे जगले? तेथे तर कोणी पाणी बदलावयास जात नाही. याचे रहस्य दोन प्रकारच्या सूक्ष्म जंतूंत आहे. पहिल्या प्रकारचे जंतू अमोनियाचे रूपांतर नायट्राइट नावाच्या द्रव्यात करतात. तेही विषारीच आहे. परंतु दुसऱ्या प्रकारचे जंतू त्याचे नायट्रेट करून टाकतात आणि हे नायट्रेट बरेच सौम्य असते. पाणवनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने अशा जंतूंचे कार्य प्रथम उलगडून दाखविले. शेतकऱ्याच्या मातीत जे घडते तेच तलावाच्या गाळात घडते आणि काचेच्या पेटीतही घडू शकते.

हे जंतू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. वाळूचे कण, दगड, झाडांची पाने आणि विशेषतः गाळणीतील स्पंज यांना ते चिकटून राहतात. नव्या पेटीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आता त्या रविवारी काय घडले हे ध्यानात येईल. तीन आठवड्यांत जंतूंची वसाहत कोठे वसू लागली होती. साबणाने आणि नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने ती एका सकाळी धुऊन निघाली. मासे तेवढेच राहिले, त्यांचे अन्नही तेवढेच राहिले. मात्र सफाई करणारे कामगार नाहीसे झाले. सोमवारपासून विष साचू लागले आणि बुधवारी त्याचा परिणाम दिसला. शिवाय साबणाचा अंश आणि क्लोरीन यांनी कल्ल्यांना इजा केली असेल ती वेगळीच.

पाळीव माशांच्या इतिहासातही हाच धडा आरंभी मिळालेला आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली काचेच्या भांड्यात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तिला खत देतील, असा त्याचा हिशेब होता. काही दिवस सर्व ठीक चालले. पुढे जुनी पाने सडू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातल्या काही गोगलगाई आणून आत सोडल्या. त्यांनी सडकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० साली त्याने हा प्रयोग तेथील रसायनशास्त्र परिषदेपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील कित्येक मुलांनी रंगीत मासे पहिल्याने पाहिले ते तेथेच. वॉरिंग्टनला जंतूंची माहिती नव्हती. परंतु एकाची घाण हे दुसऱ्याचे अन्न असते, आणि ही साखळी अखंड राहिली तरच पाणी शुद्ध राहते, हे त्याने पुरते ओळखले होते.

या साखळीला धरून पेटीची व्यवस्था कशी ठेवावी, हे आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट पेटीच्या आकाराची. दुकानात मांडलेले काचेचे गोल भांडे दिसावयास मोठे गोजिरे असते. परंतु त्यात पाणी थोडे मावते, आणि ते गळ्यापर्यंत भरले म्हणजे हवेला भिडणारा पाण्याचा पृष्ठभाग अगदीच लहान राहतो. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो या पृष्ठभागातून. म्हणून उंच पेटीपेक्षा लांबरुंद पेटी बरी. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी व एक हजाराने भागावे, म्हणजे किती लिटर पाणी मावते ते कळते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावेल. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ५४ किलो झाले. तेव्हा डळमळीत मेजावर ती ठेवू नये.

दुसरी गोष्ट माशांच्या संख्येची. लहान जातींसाठी दर सेंटिमीटर लांबीच्या माशाला दोन लिटर पाणी, असा एक ढोबळ हिशेब हौशी लोक धरतात. वाळू व दगड यांची जागा वजा जाता वरील पेटीत गप्पी, मॉली यांसारखे सहा-आठ लहान मासे सुखाने राहतील. सोनमासा मात्र बोटाएवढा आणला तरी वाढून वीतभर होतो आणि घाणही पुष्कळ करतो. त्याला याहून बरीच मोठी जागा हवी. पाहुण्यांनी भरलेल्या घरात एकच न्हाणीघर असले म्हणजे जी तारांबळ उडते, तीच दाटीवाटीच्या पेटीत उडते.

तिसरी गोष्ट धीराची. पेटी मांडल्यावर पहिल्या दिवशी बाजारातून डझनभर मासे आणू नयेत. प्रथम वाळू, पाणी व झाडे घालून गाळणी चालू करावी. मग दोन-तीन काटक मासे सोडावेत आणि त्यांना बेताने खाऊ घालावे. दुसऱ्या एखाद्या निरोगी जुन्या पेटीतील मूठभर वाळू किंवा वापरलेला स्पंज मिळाला तर फार उत्तम. त्याबरोबर जंतूंचे विरजणच मिळते. दही लावताना आपण नाही का जुन्या दह्याची कवडी घालत? महिना-दीड महिना गेल्यावर उरलेले मासे थोडेथोडे वाढवावेत. नवा मासा आणला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून पाहावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा रोग एका नव्या पाहुण्याबरोबर सगळ्या पेटीत पसरतो.

चौथी गोष्ट पाणी बदलण्याची. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये. आठवड्यातून एकदा पाचवा ते चौथा हिस्सा पाणी काढावे. रबरी नळी पाण्याने भरून तिचे एक टोक वाळूवर व दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत सोडले, की पाणी आपोआप ओढले जाते आणि वाळूतील मळही त्याबरोबर निघून येतो. नळी तोंडाने ओढू नये. काचेवरचे शेवाळ समोरच्या बाजूने तेवढे कोरड्या, साबण न लागलेल्या स्पंजाने पुसावे. गाळणीतील स्पंज महिन्यातून एखादे वेळी याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. तो पांढरा होत नाही म्हणून खंत करू नये. त्याच्या तपकिरी रंगातच पेटीचे आरोग्य आहे. काढलेले पाणी बागेतल्या कुंड्यांना घालावे; त्यात झाडांना उपयोगी खत असते.

भरावयाचे पाणी कसे असावे? हुबळी-धारवाडला सौंदत्तीजवळच्या मलप्रभा जलाशयाचे आणि नीरसागरचे पाणी येते. शुद्धीकरणात त्यात क्लोरीन मिसळतात. माणसाच्या हिताचा हा क्लोरीन माशाला व त्या उपकारक जंतूंना मारक असतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले तर साधा क्लोरीन बहुतांशी उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणतात ते, किंवा माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध सांगितलेल्या प्रमाणात घालावे. बादली याच कामासाठी निराळी ठेवावी. आणि एक विशेष सूचना: पिण्यासाठी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेले पाणी पेटीत ओतू नये. पाण्यात उतरलेले तांबे माशांना, आणि गोगलगाईंना तर त्याहूनही अधिक, विषासारखे बाधते.

पाचवी गोष्ट खाण्याची. घरातील प्रत्येक माणसाला माशांना खाऊ घालण्याची हौस असते. आजोबा सकाळी घालतात, मुलगा शाळेतून आल्यावर घालतो, पाहुणे आले की पुन्हा चिमूट पडते. पेटीत सर्वांत अधिक घाण होते ती याच प्रेमापोटी. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच अन्न दिवसातून एकदा किंवा दोनदा घालावे आणि ते काम एकाच माणसाकडे असावे. भाताची शिते, पोळीचे किंवा पावाचे तुकडे घालू नयेत. मोठ्या माशाला आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर काही बिघडत नाही.

सहावी गोष्ट प्रकाश, उष्णता आणि हवा यांची. खिडकीतल्या थेट उन्हात पेटी ठेवली तर शेवाळ माजते आणि पाणी तापते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. उष्ण प्रदेशातील बहुतेक शोभेच्या माशांना २४ ते २८ अंश मानवतात. धारवाडची हिवाळी रात्र त्यांना गार पडते, तेव्हा पाणी तापविण्याची विजेची नळी लावावी. पेटीत हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. वीज बराच वेळ गेलीच, तर तांब्याखेरीज दुसऱ्या भांड्याने पेटीतलेच पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत ओतीत राहावे. हा उपाय साधा आहे. परंतु त्याने मासे वाचतात.

हवेसंबंधी आणखी एक सावधगिरी. डास मारण्याच्या वड्या, द्रवे आणि फवारे यांत जी कीटकनाशके असतात, त्यांतील बरीचशी माशांना अत्यंत घातक आहेत. पंप खोलीतील हवा ओढून पाण्यात सोडतो, तेव्हा ती विषेही पाण्यात जातात. ज्या खोलीत मासे आहेत त्या खोलीत ही साधने वापरू नयेत.

रोज सकाळी दोन मिनिटे पेटीसमोर उभे राहावे. मासा वर येऊन तोंड उघडझाप करीत असेल, पंख मिटून तळाशी बसला असेल किंवा अंग दगडाला घासत असेल, तर औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि खाणे थांबवावे. मरण पावलेला मासा तत्काळ काढावा. पुष्कळसे रोग हे मुळात बिघडलेल्या पाण्याचे निरोप असतात.

आता पुन्हा केलगेरीच्या तलावाकडे वळू. जो नियम पेटीला तोच तलावाला. अलीकडच्या काळात भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी तलावात उतरल्याच्या आणि जलपर्णी पसरल्याच्या तक्रारी नागरिकांनी वारंवार केल्या आहेत. सांडपाणी म्हणजे तलावाला गरजेबाहेर घातलेले खाणेच होय. त्यावर जलपर्णी माजते, पाणी झाकले जाते, ती सडू लागली की प्राणवायू संपतो. पेटीत जे चार दिवसांत घडते ते तलावात चार-दोन वर्षांत घडते, एवढाच फरक. जलपर्णी उपसणे आवश्यक आहे. पण सांडपाणी थांबले नाही तर ती पुन्हा येणारच. वरची काच पुसून आतले विष जात नाही, हे पेटीने शिकविलेच आहे.

आणखी एक गोष्ट या तलावाकाठच्या मुलांनी मनाशी बांधून ठेवावी. मासे फार वाढले, किंवा पाळण्याचा कंटाळा आला, म्हणजे “तलावात सोडून देऊ, बिचारे मोकळे होतील,” असे वाटते. भावना चांगली असली तरी कृती घातक आहे. काच साफ करतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा असाच पेट्यांतून बाहेर पडला. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागात तो पसरला आहे, आणि २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही सापडला. त्याचे अंग कवचासारखे कठीण असते. देशी माशांचे अन्न तो खातो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावेत. तलावात सोडू नयेत, नाल्यात तर नाहीच.

आरंभीच्या त्या घरात दोन मासे उरले होते. तेवढ्याने सारे संपले असे समजण्याचे कारण नाही. आई उद्यापासून थोडेथोडे पाणी बदलील, साबण दूर ठेवील, मुलगा चिमूट मोजून टाकील आणि वाळूतील जंतूंना पुन्हा वसण्यास अवधी मिळेल. महिन्या-दीड महिन्याने काचेवर थोडे शेवाळ असेल, स्पंज तपकिरी असेल आणि मासे मजेत फिरत असतील. तेव्हा मुलाने पुन्हा विचारले, “आई, आज सगळं पाणी बदलायचं का गं?” तर ती म्हणू शकेल, “नको रे बाळा. थोडंसं काढू, थोडंसं घालू. बाकीचं काम ज्यांचं आहे त्यांना करू दे.”